पहाटे तीनची जाग आणि आठ तासांचा हट्ट

"मॅडम, आठ तास झोप झाली नाही तर माणूस लवकर जातो म्हणतात. माझी पाचसुद्धा होत नाही. मग माझं काय?"

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. कुणाला बीपीची धास्ती असते, कुणाला विसरभोळेपणाची. सगळ्यांच्या मनात भीती मात्र एकच: झोप उडाली म्हणजे आयुष्यातली वर्षं गेली. आज ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना आपण नुसतं काका म्हणू. लिहायला त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय 66, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त. सोबत काकू आल्या होत्या.

काकांनी बसल्या बसल्या पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. पट्टीने रेघा मारून रकाने पाडलेले: तारीख, पाठ टेकली, झोप लागली, जाग, पुन्हा झोप, उठलो, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात जवळजवळ रोज एकच शब्द, "खराब". अशी नोंद ठेवा म्हणून आम्हाला लोकांच्या मागे लागावं लागतं, हे गृहस्थ ती घेऊनच आले होते. खोट एकच होती. जाग आल्याच्या वेळा मिनिटांपर्यंत लिहिलेल्या होत्या, 2.50, 3.12, 3.40. म्हणजे रात्रभर घड्याळावर पहारा चालू होता. शिवाय पुण्याच्या मुलाने वाढदिवसाला दिलेलं स्मार्ट घड्याळ मनगटावर होतंच. ते सकाळी झोपेला गुण द्यायचं आणि 58 गुण दिसले की काकांचा दिवस तिथेच संपायचा.

झोपेच्या तक्रारीत मी शरीराची बाजू आधी विचारून घेते. घोरताना मधेच श्वास अडकतो का? काकू म्हणाल्या, "हे घोरतात, पण कुशीवर वळले की गप्प. श्वास अडकलेला कधी ऐकला नाही." संध्याकाळनंतर पायात शिवशिव होऊन ते सारखे हलवावेसे वाटतात का? नाही. लघवीला रात्री एकदाच. साखर, थायरॉईड, प्रोस्टेट डॉक्टरांनी पाहिलेलं होतं. मन उदास? नातवाच्या खोड्या सांगताना काका खळखळून हसत होते. यातली एखादी गोष्ट निघाली असती तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी तिच्यामागे लागावं लागलं असतं. विशेषतः श्वास अडकण्याचा आजार, स्लीप ॲप्निया, आपल्याकडे "गाढ झोपलाय, घोरतोय बघ" म्हणून सोडून दिला जातो.

एक्स-रेही काढला होता. कशासाठी, तर व्हॉट्सॲपवर आलेल्या मेसेजात होतं की तीन ते पाच ही फुप्फुसांची वेळ, त्या वेळी जाग आली म्हणजे फुप्फुसात बिघाड. एक्स-रे अर्थातच स्वच्छ. पण तीनलाच का जाग येते, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर सरळ आहे. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात उरकतो. नंतर झोप उथळ होते, स्वप्नांची झोप वाढते, आणि पहाटेकडे शरीर उठण्याच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉल हे जागं करणारं संप्रेरक चढू लागतं. रात्रीत थोडी थोडी जाग प्रत्येकाला येते, बहुतेकांना ती सकाळी आठवतही नाही. वयानुसार गाढ झोप कमी होत जाते, म्हणून साठीनंतर ही जाग जास्त जाणवते. जाग येण्यात आजार काहीच नाही. घोळ होतो तो जाग आल्यावर घड्याळ पाहून हिशोब मांडण्यात. "आता तीन वाजले, पाचला उठायचं, म्हणजे उरले दोनच तास." एवढं डोक्यात आलं की छाती धडधडायला लागते आणि धडधडत्या छातीने कुणाला झोप लागत नाही.

हे सुरू कधी झालं? गेल्या वर्षी काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. काकांनी रात्री दवाखान्याच्या बाकावर काढल्या. काकू आता जिना चढतात, बाजार करतात, पण काकांची झोप त्या बाकावरून घरी आलीच नाही. आर्थर स्पीलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये याची मांडणी केली, ती आम्ही आजही वापरतो. काहींचा पिंडच झोप उडण्याला सोपा असतो. मग एखादी घटना झोप उडवते. आणि घटना सरली तरी माणूस झोप परत आणण्यासाठी जे जे करतो, त्यानेच निद्रानाश टिकून राहतो. आठवड्यातून निदान तीन रात्री, असं तीन महिने चाललं की त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. काकांचं वर्ष होत आलं होतं.

काका काय काय करत होते? दहाऐवजी नऊलाच अंथरुणावर, "निदान पडून तरी राहू". सकाळचं फिरणं बंद आणि साडेसहापर्यंत लोळणं. दुपारी जेवणानंतर वामकुक्षी, जी पूर्वी वीस मिनिटांची होती ती सव्वा तासाची झालेली. संध्याकाळी मालिका बघताना खुर्चीतच डुलक्या. आणि सहाला चहा, कारण डोळे मिटत होते.

वही माझ्यासमोरच होती. दोघांनी मिळून बेरीज केली. नऊ ते साडेसहा, म्हणजे साडेनऊ तास पलंगावर. त्यात झोप साधारण साडेपाच तास. वामकुक्षीचा सव्वा तास धरला, टीव्हीसमोरच्या डुलक्या धरल्या, तर चोवीस तासांत माणूस सात तास झोपत होता. काका वहीकडे बघतच राहिले. काकू म्हणाल्या, "मी रोज तेच सांगतेय, दुपारी पातेलं पडलं तरी हे उठत नाहीत."

काकांना समजावायला त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण सोयीचं पडलं. साठ प्रवासी आहेत आणि तुम्ही तीन गाड्या सोडल्या, तर तिन्ही अर्ध्या रिकाम्या धावणार. झोपेची भूक दिवसभर जागं राहण्याने साठत जाते. मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठतं, हे त्यातलं एक मुख्य कारण. दुपारी त्यातली बरीचशी भूक भागली, संध्याकाळी आणखी थोडी, मग रात्रीसाठी काय उरणार? आणि चहा-कॉफीतलं कॅफिन नेमकं ॲडेनोसिनचंच काम अडवतं. ते निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन अकराला अंगात असतं.

आता आयुष्य कमी होण्याबद्दल. कमी झोपणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं, हे खरं. पण नऊ-दहा तास झोपणाऱ्यांतही ते जास्तच दिसतं, हे फॉरवर्डमध्ये कुणी लिहीत नाही. हे अभ्यास निरीक्षणाचे असतात. आजारी माणसाची झोप बिघडते, म्हणून झोपेनेच आजार आणला असं त्यावरून म्हणता येत नाही. निद्रानाश आणि मृत्यू यांच्या संबंधावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात निद्रानाशाची लक्षणं असणारे लोक लवकर जातात असं दिसलं नाही. याचा अर्थ तक्रार क्षुल्लक आहे असा मुळीच नाही. लांबलेल्या निद्रानाशाचं नैराश्याशी जवळचं नातं आहे, दिवस वाया जातात ते वेगळंच. आणि आठ हा आकडा? अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनच्या 2015 च्या शिफारशीत 65 च्या पुढे सात ते आठ तास सुचवले आहेत आणि काहींना पाच-सहाही पुरू शकतात असं म्हटलं आहे. दिवसा माणूस ताजा असेल तर आकड्यामागे लागू नये, असं माझं ठाम मत आहे.

काकूंनी मग हळूच एक गोष्ट काढली. "गोळीचं सांगा की." शेजाऱ्यांनी आपल्यातली अल्प्राझोलमची अर्धी गोळी दिली होती आणि काका ती "फक्त अडल्यावर" घेत होते, आठवड्यातून चार-पाचदा. हे औषध शेड्यूल एच-1 मध्ये येतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि ते उगाच नाही. सवय लागते, म्हाताऱ्या माणसाचा रात्री तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, आणि एकदम बंद केलं तर झोप आधीपेक्षा जास्त उडते. म्हणून मी "आजपासून बंद" असं म्हटलं नाही. त्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, त्यांनी मात्रा हळूहळू कमी करत नेली. गोळी कमी करणं हे डॉक्टरांचंच काम.

आमचं काम वेगळं होतं. निद्रानाशासाठीची सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याची पद्धत. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये सांगितलं की मोठ्यांच्या जुनाट निद्रानाशात गोळीच्या आधी हीच द्यावी. ती ऐकली की लोकांना वाटतं मी चेष्टा करतेय. काकांनाही वाटलं.

"म्हणजे मला झोप येत नाही, आणि तुम्ही म्हणताय उशिरा झोपा?"

"हो. साडेअकराला पाठ टेकायची, साडेपाचला उठायचं. रात्र कशीही गेली तरी साडेपाच."

"आणि दुपारी?"

"दुपारी नाही. निदान हे दोन महिने."

वामकुक्षी सोडा म्हणणं मराठी माणसाला फार लागतं. काका काही बोलले नाहीत, पण चेहरा पडला. स्मार्ट घड्याळही उतरवून ठेवायला सांगितलं. ही घड्याळं हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतात; गाढ झोप किती, उथळ किती, हे त्यांना नीट कळत नाही. त्या गुणांपायी झोप घालवून बसणाऱ्यांसाठी संशोधकांनी 2017 मध्ये "ऑर्थोसोम्निया" असं नावच ठेवलंय.

एक इशारा मी इथे देऊन ठेवते. झोपेची वेळ अशी आवळणं अपस्मार किंवा बायपोलर (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांचा आजार) असलेल्यांनी आपल्या मनाने करू नये, आणि ज्यांचं काम वाहन किंवा यंत्र चालवण्याचं आहे त्यांनीही नाही. पलंगावरचा वेळ पाच तासांच्या खाली आम्ही कुणालाच नेत नाही. सुरुवातीचे काही दिवस दिवसा पेंग येते, म्हणून काकांची स्कूटरची किल्ली काकूंच्या डब्यात गेली.

दुसरा नियम होता: जाग आली आणि झोप लागेनाशी वाटली की पलंग सोडायचा, पुन्हा डोळे जड झाले की परत यायचं. रिचर्ड बूट्झिन यांनी 1972 मध्ये हे सुचवलं. महिनोन् महिने पलंगावर तळमळून पलंग म्हणजे तळमळ असंच शरीर शिकलेलं असतं, ते मोडायचं. पण आपल्या घरांत उठून जायचं कुठे? हॉलमध्ये सून आणि नातू झोपलेले. टीव्ही नाही, मोबाईल नाही. काकूंनीच तोड काढली. स्वयंपाकघरात ओट्यावरचा छोटा दिवा, एक स्टूल आणि सुपात लसूण. तीन वाजता उठलेला माणूस लसूण सोलत बसायचा. याहून कंटाळवाणं काम शोधून सापडलं नसतं. पहिल्या आठवड्यात वाटीभर लसूण निघाला आणि सुनेने चटणी केली. "एवढी चटणी खाणार कोण," असं काकू पुढच्या भेटीत मला विचारत होत्या.

तो आठवडा वाईट गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. संध्याकाळी सातपासून डोळे मिटायचे. काकू त्यांना गच्चीवर फेऱ्या मारायला लावायच्या. चौथ्या दिवशी काकांचा फोन आला, "मॅडम, हे जमणार नाही, मी आधी होतो तोच बरा." मी सहानुभूती दाखवली, वेळ मात्र बदलली नाही. मग एका रात्री ते साडेअकराला आडवे झाले आणि थेट चारच्या सुमाराला उठले. वही आता सकाळी उठल्यावर, अंदाजाने भरायची असं ठरलं होतं, त्यामुळे "सुमारे" हा शब्द वहीत पहिल्यांदा दिसला. पुढच्या आठवड्यात सहापैकी सव्वापाच तास झोप भरली. पलंगावरच्या वेळातला 85 टक्क्यांहून जास्त वेळ झोपेत गेला की पंधरा मिनिटं वाढवायची, तसं सव्वाअकरा केलं, मग अकरा, मग पावणेअकरा.

काही आठवड्यांनी काका पावणेअकरा ते साडेपाच झोपू लागले. त्यातले साधारण सहा तास झोप. आठ नाहीतच. तीनच्या आसपास जाग अजून येते, लघवीला जाऊन येतात, बहुतेक वेळा पुन्हा लागते. वामकुक्षी परत मिळाली, पण वीस मिनिटं, गजर लावून. सकाळचं फिरणं सुरू झालं. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ लावायला मदत करतो, आणि बरोबरीची मंडळी भेटतात हेही त्याच्या जोडीला.

मधे त्यांचे थोरले भाऊ वारले. गावी दहाव्या-तेराव्यापर्यंत राहणं झालं, पाहुण्यांत रात्री दोन-दोनला चहा, झोप पुन्हा उडाली. परत आल्यावर ते आठवडाभर नऊला आडवे होऊ लागले होते. नंतर स्वतःच वही काढली, बेरीज केली, साडेअकरा लावलं आणि मग मला फोन केला. गावी एका नातेवाइकाने गोळ्यांची पट्टी हातात ठेवली होती.

"घेतली का?" मी विचारलं.

"नाही. कपाटात ठेवलीय. असू दे म्हटलं, अडीअडचणीला."

"डॉक्टरांकडे कधी जायचंय?"

"सोमवारी, बीपीला."

पट्टी बरोबर घेऊन जा आणि त्यांच्याकडे देऊन टाका, एवढंच मी सांगितलं. काकू मागून म्हणाल्या, "मी पर्समध्ये टाकते, मॅडम."