फिश बँडचे सुरुवातीचे शो खरंच तेवढे भारी होते का, की जुने चाहते वाढवून सांगतात?

वाजवण्याबद्दल वाढवून सांगतात. त्या रात्रींबद्दल मात्र नाही, असं माझं मत.

मी स्वतः त्या काळात तिथे नव्हते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शिकायला बॉस्टनला आले तेव्हा रूममेटकडे बुटांच्या खोक्यांत भरून ठेवलेल्या कॅसेट होत्या, सगळ्या फिशच्या. तिथून हे वेड लागलं. मग शोच्या आधी पार्किंग लॉटमध्ये ग्रिल्ड चीज खात उभं राहायचं, व्हरमाँटच्या जुन्या मंडळींना बोलतं करायचं आणि घरी येऊन त्या रात्रीची टेप मिळाली तर ताडून बघायचं, हा छंदच झाला.

ज्यांना बँड माहीत नाही त्यांच्यासाठी: फिश 1983 साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, बर्लिंग्टनच्या व्हरमाँट विद्यापीठात सुरू झाला. गिटारवर ट्रे अनास्तासिओ, बेसवर माइक गॉर्डन, ड्रम्सवर जॉन फिशमन; कीबोर्डवाला पेज मॅकॉनेल 1985 मध्ये आला. हा जॅम बँड, म्हणजे गाणं ठरलेलं, पण मध्येच ते सोडून चौघं कुठे जातील याचा नेम नाही. तेच गाणं उद्या वेगळं वाजणार, म्हणून प्रत्येक रात्रीची टेप हवी. रेकॉर्डिंगला बँडची परवानगी होती. अनोळखी माणसाला कोऱ्या कॅसेट आणि परतीच्या टपालाची तिकिटं पाठवायची, तो शो भरून परत पाठवणार. पैसे घेणारा वाळीत. आपल्याकडे खासगी मैफिलींची ध्वनिमुद्रणं रसिकांमध्ये हातोहात फिरायची, त्याच जातीचा हा प्रकार.

आता आठवणींचं. पहिल्याच शोची गंमत बघा. हा शो 30 ऑक्टोबर 1983 ला हॅलोविनच्या डान्समध्ये झाला, असं बँडचे लोक स्वतः वर्षानुवर्षं सांगत होते. प्रत्यक्षात तो 2 डिसेंबरला विद्यापीठाच्या हॅरिस-मिलिस कॅफेटेरियात झाला. वाजवणाऱ्यांनाच तारीख आठवत नव्हती! पण त्याच शोच्या दुसऱ्या आठवणी बघा: मायक्रोफोनला स्टँड नव्हते म्हणून हॉकी स्टिक्स वापरल्या, आणि यांचं वाजवणं लोकांना इतकं नकोसं झालं की कोणीतरी मायकल जॅक्सनचं ‘थ्रिलर’ लावून यांना गप्प केलं. तारीख चुकली, फजिती लक्षात राहिली. तारखेसाठी चाहत्यांवर विसंबू नये, फजितीसाठी जरूर विसंबावं.

आणि काही गोष्टी तर टेपवरून कळतच नाहीत. ‘यू एन्जॉय मायसेल्फ’ नावाचं त्यांचं लांबलचक गाणं आहे. जुन्या टेपवर त्याच्या मध्यावर लोक एकाएकी आरडाओरडा करतात, संगीतात तर विशेष काही घडलेलं नसतं. कारण असं की त्या वेळी ट्रे आणि माइक वाजवता वाजवता छोट्या ट्रँपोलिनवर उड्या मारत असतात, दोघं एका तालात. मध्येच एखाद्या गाण्यात घाणेरडा फुर्रफुर्र आवाज येतो आणि हॉल हसतो: बायकी झगा घातलेला फिशमन व्हॅक्यूम क्लीनरची नळी तोंडाला लावून सोलो वाजवतोय. 1992 मध्ये बँडने प्रेक्षकांना खुणाच शिकवल्या. ट्रेने ‘सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेच्या धूनचे सूर वाजवले की सगळ्यांनी ‘डोह!’ ओरडायचं. त्याच वर्षाच्या अखेरीस मोठाले चेंडू प्रेक्षकांत सोडायला लागले. प्रत्येक वादकाचा एक चेंडू, त्याला लोकांचा हात लागला की त्या वादकाने एक सूर वाजवायचा. टेपवर हे ऐकलंत तर वाटेल चौघांचं बिनसलंय. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कॅसेट पुढे पळवली होती. तिथे असलेल्या एकाने सांगितल्यावर कळलं की ते सगळं पब्लिक वाजवत होतं.

जुनी मंडळी सगळ्यात हळवी होतात ती बर्लिंग्टनच्या मेन स्ट्रीटवरच्या ‘नेक्टर्स’बद्दल. ग्रेव्ही घातलेल्या फ्राइजसाठी प्रसिद्ध असलेलं हॉटेल-कम-बार. तेव्हाचा मालक नेक्टर रोरिस. 1984 च्या डिसेंबरमध्ये फिश तिथे पहिल्यांदा वाजला, आणि पुढे काही वर्षं महिन्यातून सलग तीन रात्री, रोज तीन सेट, दाराशी तिकीट नाही. नुसता हिशेब करून बघा, एवढा वेळ भरून काढायचा तर हाताशी असलेली गाणी किती पुरणार? मग गाणी ताणायची, गोष्टी सांगायच्या, काहीही करून बघायचं. तिकीटच नाही, तर रात्र फसली तरी तक्रार कोण करणार? 12 मार्च 1988 ला ट्रेने आपल्या प्रबंधासाठी रचलेली गेमहेंज नावाच्या काल्पनिक देशाची अख्खी कथा तिथेच पहिल्यांदा सलग वाजवली. हीच चार माणसं पुढे न्यूयॉर्कचं भलंमोठं मॅडिसन स्क्वेअर गार्डन भरवायला लागली. 1992 चा त्यांचा एक अल्बम नेक्टरच्याच नावाचा आहे.

अजून एक किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. 1989 च्या जानेवारीत बॉस्टनच्या ‘पॅरडाइज’ क्लबने यांना तारीख दिली नाही, तर बँडच्या माणसांनी क्लबच भाड्याने घेतला. बर्लिंग्टनहून चाहते बस करून आले आणि तिकिटं संपली. ही मंडळी ‘आमचा बँड’ म्हणतात तेव्हा ती लाडाची भाषा वाटते खरी, पण त्या बसमधल्या माणसाने म्हटलं तर मला त्यात काही खोटं वाटत नाही.

वाजवण्याच्या बाबतीत मात्र मी बधत नाही. 1985-86 च्या टेप ऐका: सूर डळमळतात, विनोद लांबतात, काही जॅम नुसते गोल गोल फिरत राहतात. चौघं एकमेकांचं खरं ऐकायला शिकले ते नंतर, आणि 1997 च्या नोव्हेंबरमध्ये ते जे वाजवत होते त्याच्या जवळपासही जुनं काही जात नाही. लॉटमध्ये हे मोठ्याने बोलू नका.

ऐकायचंच असेल तर 2006 मध्ये निघालेल्या ‘कोलोरॅडो ’88’ने सुरुवात करा. ठरलेला दौरा जवळजवळ कोलमडला होता, तरी हे व्हरमाँटहून गाडी हाकत कोलोरॅडोतल्या टेलुराइडला गेले आणि मोजक्या लोकांपुढे वाजवलं. टाळ्यांवरून खोली केवढीशी ते कळतं. मग 1997 कडे वळा. उलट्या क्रमाने ऐकलंत तर 1988 फिकं वाटेल आणि जुन्या मंडळींवर उगाच अन्याय होईल.