श्रीखंडाच्या डब्यातली इंजेक्शनं

"मॅडम, आयव्हीएफ करतोय हे घरी सांगायचं का?" आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीची ट्रीटमेंट. क्लिनिकमधे हा प्रश्न इतक्यांदा येतो की आता लालबागच्या एका जोडप्याचं सांगूनच टाकते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ती 34 ची, लग्नाला सात वर्षं. रिपोर्टमधे प्रॉब्लेम नवऱ्याचा, शुक्राणूंचा काउंट खूपच कमी, पण चाळीत विचारणार सगळे हिलाच, काय गं अजून काही नाही? आणि ही हसून सगळं स्वतःवर घेणार. ट्रीटमेंट चालू झाली तशी इंजेक्शनं फ्रिजमधे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, कोथिंबिरीच्या मागे. रात्री मोरीचं दार लावून, नळ सोडून पोटात टोचायची, आवाज येऊ नये म्हणून. इंजेक्शनला कसला आलाय आवाज!

धास्ती सासूबाईंची, कारण त्या एकदा बोलून गेलेल्या, नळीतलं बाळ आपलं कसं, तिथे कोणाचं काय मिसळतात कोणास ठाऊक.

मी म्हटलं चाळीला सांगायची काही गरज नाही, पण एका खोलीत राहून हे किती दिवस लपवणार, त्यांना घेऊन या, आणि सांगायचं मात्र नवऱ्याने, रिपोर्ट त्याचा आहे.

आले तिघं. तो मान खाली घालून बोलला एकदाचा. सासूबाई गप्प, मग तीच शंका. म्हटलं काकू, बाळ नळीत वाढतच नाही. सुनेचं बीज काढून त्यात तुमच्याच मुलाचा एकेक शुक्राणू बारीक सुईने सोडतात, इक्सी म्हणतात त्याला, तीन ते पाच दिवसांनी गर्भ पिशवीत ठेवतात, पुढचं सगळं तिच्याच पोटात. दुसऱ्या कोणाचं बीज किंवा शुक्राणू वापरायचे तर जोडप्याची लेखी संमती लागते, 2021 चा कायदाच आहे तसा. आणि तुमच्या शेजारच्या केईएम हॉस्पिटलमधेच डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून 6 ऑगस्ट 1986 ला हर्षा जन्मली ना, देशातली शास्त्रीय नोंद असलेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, तिला स्वतःला 2016 मधे मूल झालं.

"आठवतंय की," म्हणाल्या, "तेव्हा नळावर बायका काय काय बोलायच्या. मीपण होते त्यात."

निघताना चपला घालता घालता सुनेला म्हणाल्या, "तो डबा वरच्या कप्प्यात नको ठेवूस, तिथे बर्फ धरतो. मी परवाच खाली सरकवलाय."