सिग्नलला थांबलं की गारवा गायब

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीत व्हेन टाइपचा एसी कॉम्प्रेसर आहे. हायवेला मस्त गार होतं, सिग्नलला मात्र कोमट हवा. सकाळी एसी लावला की दोन-चार सेकंद खडखड होते. मेकॅनिकनं दोनदा गॅस भरला, आता कॉम्प्रेसरच बदला म्हणतो. बदलू का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : लगेच नको. गॅस भरणं हा आपल्याकडे सगळ्या दुखण्यांवरचा इलाज झालाय.

आधी कंडेन्सरचा, म्हणजे गरम गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीचा, फॅन फिरतोय का बघा. तो बंद असेल तर सिग्नलला डिस्चार्जचं, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं, प्रेशर चढतं. तुमच्याकडे उलटं असेल, म्हणजे डिस्चार्ज कमी, सक्शन (आत येणाऱ्या गॅसचं प्रेशर) जास्त, आणि रेस दिली की गेजचे दोन्ही काटे जागेवर, तर दोष व्हेनचा, म्हणजे कॉम्प्रेसरातल्या सरकत्या पट्ट्यांचा, समजा.

या कॉम्प्रेसरात गोल सिलेंडरमध्ये रोटर मुद्दाम एका बाजूला सरकवून बसवलेला असतो. उरते ती चंद्रकोरीसारखी जागा. रोटरच्या खाचांतल्या पट्ट्या बाहेर सरकून भिंतीला टेकतात आणि दोन पट्ट्यांमध्ये अडकलेला गॅस निमुळत्या बाजूला दाबला जातो. पट्टी बाहेर येते ती फिरण्याच्या जोरावर. समजा, पट्टी 20 ग्रॅमची आहे आणि केंद्रापासून 25 मिलिमीटरवर आहे. मिनिटाला 3000 फेऱ्यांना ती जवळपास 5 किलोच्या जोरानं बाहेर रेटली जाते, 1000 फेऱ्यांना जेमतेम अर्ध्या किलोच्या. वेग एक तृतीयांश झाला की जोर एक नवमांश! पट्टी जड केली तर हायवेला ती सिलेंडर खरवडते. म्हणून पट्टी हलकी ठेवतात आणि डिस्चार्जच्या दाबाखालचं तेल खाचेच्या तळाशी सोडून तिला मागून रेटतात. पण एसी बंद असताना दोन्हीकडचा दाब सारखा झालेला असतो, त्यामुळे सकाळी तेलाचा हा आधार नसतो. पट्टी आत-बाहेर आपटते, तीच तुमची खडखड. दोन सेकंदांची असेल तर मी तिकडे लक्षही देत नाही.

सिग्नलला मात्र पट्टी खाचेत चिकटतेय, आणि त्याला बहुतेक वेळा तेल जबाबदार असतं. आर-134ए गॅसच्या सिस्टिममध्ये कुणी आर-12 या जुन्या गॅसचं मिनरल तेल ओतलं, तर ते गॅसमध्ये नीट मिसळत नाही, कॉम्प्रेसरकडे परतत नाही. आर-134एला लागणाऱ्या पीएजी तेलाचा डबा उघडा राहिला तर ते हवेतली ओल पितं. कोकणात तर विचारूच नका.

कॉम्प्रेसर उघडायला सांगा, स्वतः समोर उभे राहा. पट्टी बोटानं ढकलली की खाचेत सुळकन सरकली पाहिजे. मग सिलेंडरच्या आतून नख फिरवा. पन्हाळी पत्र्यासारख्या बारीक लाटा लागल्या तर मेकॅनिक बरोबर आहे, बदला. भिंत गुळगुळीत असेल तर सगळं धुऊन, लेबलवर लिहिलेलंच तेल मापानं भरून घ्या. आणि पट्टीची गोलसर धार भिंतीकडेच हवी. उमेदवारीत मी एक उलटी बसवली होती. उस्तादांनी दुपारचा चहा बंद केला होता.