पवनचक्क्यांमुळे किती पक्षी मरतात, हे कसे मोजतात?
पवनचक्कीखाली सापडलेले मृत पक्षी मोजले की काम झाले, असे वाटते. पण त्यांतले काही कोल्ही-कुत्री रातोरात उचलून नेतात, काही गवतात शोधणाऱ्याच्या नजरेतून सुटतात, तर काही पात्याच्या फटक्याने शोधक्षेत्राबाहेर जाऊन पडतात. म्हणून अभ्यासक आधीच मेलेले पक्षी मुद्दाम ठेवून, ते किती दिवस टिकतात आणि शोधणाऱ्याला त्यांतले किती सापडतात, हे तपासतात व त्यानुसार आकडा वाढवतात. एकूण सापडण्याची शक्यता २५ टक्के असेल, तर १० मृत पक्षी म्हणजे अंदाजे ४०. चिमणीएवढ्या पक्ष्यांबाबत ही दुरुस्ती फार मोठी ठरते. मात्र साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले (अभ्यास २०१८चा). असा परिणाम मृत पक्षी मोजून कळतच नाही.