व्हँपायर नाईट: प्रेमत्रिकोण जरा बाजूला ठेवा, दरबार बघा

तुमचा प्रश्न असा की 'व्हँपायर नाईट' या ॲनिमेचे (जपानी ॲनिमेशन मालिकेचे) दोन्ही सीझन बघून झाले, शेवट अर्धवट वाटला, कानामे सज्जन की खलनायक हेही कळेना, तर आता मूळ मंगा (जपानी चित्रकथा) वाचावी का, की पुन्हा तोच युकी-झीरो-कानामे घोळ, म्हणजे एक शाळकरी मुलगी, व्हँपायर मारणाऱ्या हंटर घराण्यातला मुलगा आणि शुद्ध रक्ताचा व्हँपायर?

वाचाच. ॲनिमे २००८ मध्ये आला, दोन्ही सीझन मिळून २६ भाग, आणि तेव्हा मूळ मालिका चालूच होती. मात्सुरी हिनो यांनी ती 'लाला' मासिकात २००४ च्या अखेरीस सुरू केली आणि २०१३ मध्ये संपवली. एकूण १९ खंड. ॲनिमे साधारण निम्म्यावर थांबतो. कानामेचा वैरी रिदो मेला, युकी कानामेबरोबर निघून गेली, पडदा. पण खरी कारस्थानं तिथून पुढे रंगतात, कारण तोवर सिंहासनाभोवतीची सगळी जुनी माणसं मरून जागा मोकळी झालेली असते.

आधी कानामेचं बघू. या जगात व्हँपायरांची उतरंड आहे: वर मूठभर शुद्ध रक्ताचे, खाली सरदार घराणी, मग सामान्य, मग माणसाचे व्हँपायर झालेले आणि अगदी तळाला भान हरपलेले 'लेव्हल ई'. कानामेचं घराणं एके काळचं राजघराणं. राजेशाही गेली आणि कारभार सीनेटच्या, म्हणजे सरदारांच्या हातात आला. आता मेख अशी की शुद्ध रक्ताच्यापुढे सरदाराची मान आपोआप झुकते. आदर असो वा नसो, रक्तच तसं आहे. पहिल्याच प्रकरणात कानामेच्या गटातला सरदारपुत्र आयदो युकीच्या हातावरचं रक्त चाटतो, मागून कानामे येतो आणि एवढा तोंडाळ पोरगा एका क्षणात गप्प होतो. पहिल्या वाचनात ती शाळेतली दादागिरी वाटते. पुढचं सगळं राजकारण त्या एका चौकटीत आहे.

कारण ज्याच्याशी उघड भांडता येत नाही, त्याला कह्यात ठेवायचं कसं? सीनेटकडे याची उत्तरं तयार आहेत. आईबाप मेलेल्या कानामेचा पालक कोण होतो, तर सीनेटचा कर्ताधर्ता, थोरला इचिजो. पोर आपल्या छपराखाली वाढवलं की उद्याचा राजा आपल्या मुठीत, हे कारभारी डोकं. दुसरीकडे, ज्यानं कानामेच्या बापाला मारलं त्या रिदोचं शरीरही हीच मंडळी जपून ठेवतात, वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून. हंटर असोसिएशन म्हणजे यांचे जन्मजात वैरी, पण तिचा अध्यक्षही आतून यांना सामील. कुंपणच शेत खातंय.

शुद्ध रक्ताच्या शिझुका हिओचा भाग पुन्हा बघा किंवा वाचा. झीरोच्या आईबापांना मारणारी बाई म्हणून ती येते. पण तिनं ते का केलं? तिचा प्रियकर मूळचा माणूस, त्याचा तोल गेलेला नसतानाही त्याचं नाव हंटरांच्या मारायच्या यादीत गेलं आणि झीरोच्या आईबापांनी हुकमाप्रमाणे त्याला मारलं. तिच्या हातून सूड झाला, झीरो व्हँपायर झाला, त्याचा जुळा भाऊ इचिरू घर सोडून तिच्याच मागे गेला. एका यादीतल्या एका नावानं दोन घरं बसली. पुढे शिझुका शाळेत येते तेव्हा कानामे तिला संपवतो, तिची ताकद स्वतः पितो आणि आळ जातो झीरोवर. सीनेटची माणसं झीरोला मारायला येतात तेव्हा मधे उभी राहतात कानामेचीच माणसं. हा उपकार वाटतो ना? थोडं थांबा.

कानामे त्या घराण्याचा मुलगा नाहीच, तो त्यांचा मूळपुरुष आहे. रिदोनं खरं बाळ बळी देऊन त्याला हजारो वर्षांच्या झोपेतून उठवलं. आणि ज्यानं जागं केलं तो मालक. मालकाला मारणं कानामेच्या हातात नाही. म्हणून त्याला दुसऱ्याचा हात हवा होता. झीरो हा तो हात. त्याला जिवंत ठेवणं, प्रसंगी स्वतःचं रक्त पाजणं, सगळं त्या एका वारासाठी. कानामे बुद्धिबळाचा पट मांडून बसलेला दिसतो, ते शोभेसाठी नाही.

मग सज्जन की खलनायक? माझं मत विचाराल तर तो राज्यकर्ता आहे, आणि मालिका त्याला त्याच मापानं मोजते. युकीवर त्याचं प्रेम खरं आहे आणि तिच्यासाठी तो कोणाचाही बळी देईल हेही तितकंच खरं. सीनेट तो एकहाती संपवतो. टाळ्या वाजवाव्या असं वाटतं. पण सीनेट गेली म्हणजे लगाम गेला, आणि त्याचं बिल दुसऱ्या अर्ध्यात येतं.

तिथलं फार फोडत नाही, तरी दोन गोष्टी सांगतोच. ज्यांना अजिबात नको त्यांनी हा परिच्छेद सोडा. एक, आयदोचा बाप. कानामेवर जीव टाकणाऱ्या आयदोच्या घरात कानामे जे करतो, त्यानंतर निष्ठा आणि सक्ती यात फरक काय उरला हे आयदोलाही सांगता येत नाही. माझ्या लेखी तो या मालिकेचा खरा नायक. दोन, सारा शिराबुकी. शुद्ध रक्ताची, गोड बोलणारी, हातात सत्ता नसलेली बाई. व्हँपायर रक्ताऐवजी ज्या गोळ्या घेतात, त्यात ती स्वतःचं रक्त मिसळते, आणि गोळी खाणारा तिचा बंदा होतो. ना सैन्य, ना सभा, नुसती पुरवठ्यावर मांड. आजोबांवर, म्हणजे थोरल्या इचिजोवर, तलवार उपसलेला ताकुमा इचिजो तिच्या शेजारी उभा दिसतो, आणि तो तिथे कैदी आहे की सोबती हे बराच वेळ कळू दिलेलं नाही. असं शांत विष या प्रकारच्या मालिकांत क्वचित वाचायला मिळतं.

उणिवाही सांगतो. एका वर्षाची उडी मारल्यावर युकी वाड्यात कोंडलेली, नुसती वाट बघत बसलेली, तो भाग रटाळ आहे. चेहरे इतके सारखे की केसांवरून माणूस ओळखावा लागतो, त्यात झगड्याच्या चौकटीत कोण कोणाला मारतंय ते दोनदा बघावं लागतं. शेवटच्या दोन-तीन खंडांत घाई झालीय. आणि घराण्यातली भावाबहिणींची लग्नं ज्यांना खटकतात त्यांना ती खटकतच राहणार. रिदोचा भावावरचा राग त्यातूनच आलाय, दोघांना एकच बहीण हवी होती. रक्त शुद्ध ठेवण्याचा हट्ट असलेल्या घरात भाऊबंदकी याच वळणानं जायची, एवढं मी लेखिकेच्या बाजूनं म्हणेन.

वाचताना थेट दहाव्या खंडापासून सुरू करू नका, मोह होईल तरी. ॲनिमेनं सीनेटचे बारकावे बरेच उरकून घेतलेत, आणि ते हुकले तर साराची चाल नुसती दुष्टपणा वाटेल. पहिल्यापासून घ्या, सुरुवातीचे चार खंड ओळखीचे असल्यानं भराभर संपतात. इंग्रजीत व्हिज या प्रकाशनानं सगळे १९ खंड काढलेत. 'मेमरीज' नावाची पुढची मालिकाही आहे, पण ती मूळ शेवट वाचल्याशिवाय उघडू नका, पहिल्याच पानांत सगळं फुटतं.