टेनिस सर्किटवर निघण्याआधी

आधी हिशेबाची वही घाल, रँकिंगचं नंतर बघू. एम-१५ या पुरुषांच्या सगळ्यात खालच्या पायरीच्या व्यावसायिक स्पर्धेचे १५,००० डॉलर एकट्याला मिळत नाहीत, सगळ्या खेळाडूंत वाटले जातात, वर करही कापतात. पहिल्याच फेरीत हरलास तर हॉटेलचं बिलही खिशातून जाईल. टेनिसपटू सुमित नागल देशात अव्वल असताना २०२३ मध्ये त्याने सांगितलं होतं की खात्यात जेमतेम ९०० युरो उरलेत. मग तुझी ओढाताण झाली तर लाज कसली? तिकीट तारीख बदलता येईल असंच काढ, आणि दुहेरीत नाव घालत जा. चार पैसे सुटतात, शिवाय बोलायला माणूस मिळतो.

कमावलेले रँकिंगचे गुण ५२ आठवड्यांनी गळतात. ते राखायच्या नादात पोरं दुखरा खांदा टेप लावून खेळतात आणि पुढचे सहा महिने घरी बसतात. हा वेडेपणा करू नकोस.

हरल्यावर अर्ध्या तासात फोनवर शिव्या सुरू होतील. पैसे लावून बुडालेले लोक असतात ते, आईबहिणीवर जातात. सामन्याच्या दिवशी अनोळखी मेसेज बंदच ठेव. पण कुणी गोडीत ‘एक सेट सोड’ म्हणाला, तर नुसतं नाही म्हणून भागत नाही. टेनिसमधला भ्रष्टाचार रोखणाऱ्या आयटीआयए या संस्थेला लगेच कळव, कारण न कळवणं हाही गुन्हाच धरतात. तो मेसेज पुसू मात्र नकोस.