वारंवारची कपात आणि वरिष्ठांचा शब्द : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न (लातूर) : मी हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत सहा वर्षांपासून आहे. दीड वर्षात तीनदा नोकरकपात झाली आणि प्रत्येक वेळी वरिष्ठांनी ‘आता यापुढे नाही’ असे सांगितले. आता त्यांच्या कोणत्याच बोलण्यावर विश्वास बसत नाही. माझेच काही चुकते आहे का?

उत्तर : आपले काही चुकत नाही. नोकरी जाण्याचे भय माणूस एक वेळ सहन करतो. पण जे आपल्या हाती नाही त्याची हमी वरिष्ठ देतात आणि ती मोडल्यावर त्याविषयी अवाक्षर काढत नाहीत, तेव्हा कामावरून मन उडते. मोठ्या कंपन्यांतही हेच दिसले. फेसबुक चालवणाऱ्या मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११ हजारांहून अधिक जणांना कमी केले, कंपनीचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी त्याची जबाबदारी स्वतःवर घेतली आणि मार्च २०२३ मध्ये आणखी सुमारे १० हजार पदे कमी करण्याचे जाहीर झाले. करोनाकाळातील वाढ टिकेल हा अंदाज फसला, हे कारण खरे होते. मात्र अंदाज बांधणारे जागेवर राहिले आणि किंमत इतरांनी मोजली. माझ्या मते निकष सांगून एकदाच केलेली मोठी कपात तुकड्यातुकड्यांनी होणाऱ्या कपातीपेक्षा कमी क्रूर असते, कारण तिच्यानंतर उरलेल्यांना कामाकडे वळता येते. पुढील सभेत ‘आणखी कपात होणार का’ असे विचारू नका. त्याचे खरे उत्तर मिळणार नाही. निवडीचा निकष काय होता, गेलेल्यांचे कोणते काम आता बंद करायचे आणि पुन्हा वेळ आलीच तर भरपाई याच दराने मिळेल का, हे विचारा.

प्रश्न (नांदेड) : मी अभियंता आहे आणि घरून काम करते. मनुष्यबळ विभागाने व्हिडिओ कॉलवर ‘आजच राजीनामा द्या, नाहीतर अनुभवपत्रावर शेरा येईल’ असे सांगितले. घरावर कर्ज आहे. काय करावे?

उत्तर : दडपणाखाली राजीनामा देऊ नका. दिलेला राजीनामा स्वेच्छेचा मानला जातो, आणि मग कपातीची भरपाई मागण्याचा आधारच डळमळतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची सकारण लेखी सूचना किंवा तिच्याऐवजी वेतन, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही हे संरक्षण होतेच. आपण अभियंता आहात म्हणून ‘कामगार’ नाही, असे गृहीत धरू नका. पदनामापेक्षा प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहिले जाते, आणि हाताखाली कोणी नसताना केवळ कोड लिहिणाऱ्याचे काम तांत्रिक ठरू शकते. वाळूजच्या कारखान्यातील कामगाराला हे हक्क तोंडपाठ असतात. संगणकासमोर बसणारी त्याचीच मुले ते आपले मानत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. आजच ई-मेल करा : अमुक वेळी अमुक अधिकाऱ्याने राजीनामा मागितला, तो मी स्वेच्छेने देत नाही, कपात असल्यास लेखी कळवावे. लॉगिन बंद होण्याआधी नेमणूकपत्र, पगारपत्रके आणि मूल्यमापनाच्या आपल्या प्रती काढून ठेवा. सलग पाच वर्षे झाली असतील तर ग्रॅच्युइटी राजीनाम्यानंतरही मिळते, तिच्यासाठी सौदा करू नका. तरीही दबाव थांबला नाही, तर कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या.

प्रश्न (परभणी) : मी टीम लीड आहे. माझ्याकडे कपातीसाठी गटातील दोन नावे मागितली आहेत आणि बोलायचे नाही अशी ताकीद आहे. गटातली मुले रोज विचारतात.

उत्तर : नावे देण्याआधी निकष लेखी मागा. मुलांना ‘मला याविषयी बोलता येत नाही’ एवढे सांगणे प्रामाणिक आहे. ‘काही होत नाही, निश्चिंत राहा’ असे मात्र म्हणू नका, कारण एखादा त्या भरवशावर छत्रपती संभाजीनगरात फ्लॅटचा इसार देऊन बसेल. निर्णय झालाच तर तो स्वतः फोनवर कळवण्याची परवानगी वरिष्ठांकडून आताच घेऊन ठेवा. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गावी निघालेल्या मुलाला ती बातमी मोबाइलवर वाचावी लागू नये.